कासवावर पैसे कोण लावणार?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी भेटायला आली होती. नांदेडची मुलगी, सातवीपासून आमच्या वर्गात. यंदा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केलं. सोबत तिचे वालिद होते. गावात त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, हातावरचं काळं ऑइल कधी पूर्ण जात नाही. चहा होईपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "तुम्हीच समजावा हिला. बीएड कर म्हणतो, तर ही म्हणते गोदावरीतल्या कासवावर संशोधन करणार. कासवावर पैसे कोण लावणार हो? माणसाच्या इलाजाला पैसे मिळत नाहीत इथे."

मुलगी खाली मान घालून बसली होती. आम्हालाही लगेच उत्तर सुचलं नाही, हे कबूल करतो. आम्ही शाळेत भाषा आणि विज्ञान शिकवतो, नदीतलं कासव म्हणजे आमच्यासाठी सशाच्या गोष्टीतलं. उर्दूत कछुआ, मराठीत कासव, एवढीच आमची जाण. पण प्रश्न खरा होता, आणि तो एका घराचा नाही. आपल्या समाजात आता मुली एम.एस्सी.पर्यंत पोहोचत आहेत. पुढे संशोधनाचं नाव काढलं की घरात हाच सवाल येतो. म्हणून दोन-तीन महिने आम्ही विचारपूस केली, वाचलं, तिच्याकडूनही शिकलो. जे कळलं ते वाचकांसमोर ठेवतो.

पहिलं म्हणजे हे कासव कोणतं? इंग्रज लोक त्याला लीथचं मऊ कवचाचं कासव म्हणतात. शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथिआय. याच्या पाठीवर टणक ढाल नसते, चामड्यासारखी मऊ पाठ असते. नाक लांब, नळीसारखं, म्हणजे अंग पाण्याखाली ठेवून फक्त नाकाचं टोक वर काढून श्वास घेता येतो. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात, वय वाढलं की ते पुसट होतात. मोठं झाल्यावर पाठ दोन फुटांपर्यंत जाते. मासे, खेकडे, शिंपले-गोगलगायी आणि पाण्यात सडणारं मेलेलं जनावर, सगळं खातं. नदीची साफसफाई करणाऱ्यांपैकी एक म्हणा ना.

आणि हे कासव आपलं आहे. म्हणजे अगदी आपलंच. भारताच्या दक्षिण पठाराबाहेर जगात कुठेही ते नैसर्गिकरीत्या सापडत नाही. गोदावरी, भीमा, कृष्णा, कावेरी या नद्या आणि त्यांच्यावरचे जलाशय हेच त्याचं घर. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये त्याला नाव दिलं तेव्हा नमुना कुठून आला होता? पुण्याहून. मुंबई इलाख्यातल्या लीथ नावाच्या डॉक्टरांनी तो पाठवला होता, म्हणून लीथचं कासव. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या नदीतून जगाला या प्राण्याची ओळख झाली. त्या नदीचं आज काय झालंय ते पुण्याला जाऊन येणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा इथे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराची परिषद झाली. तिथे भारत सरकारने हे कासव दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात न्यावं असा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला. पहिलं परिशिष्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला जवळपास पूर्ण बंदी. तेव्हा सरकारने दिलेली माहिती अशी की, गेल्या ३० वर्षांत या कासवाची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली असावी. मांसासाठी शिकार, आणि पाठीच्या कडेला जी मऊ कुर्चेची झालर असते तिची परदेशात चोरटी विक्री, ही मुख्य कारणं. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' या गटात आहे. त्याच्यापुढची पायरी म्हणजे जंगलातून नामशेष.

इथे आमच्या विद्यार्थिनीने एक गोष्ट दाखवून दिली, ती आमच्या ध्यानात आली नव्हती. "नव्वद टक्के घटली हा अंदाज आहे," ती म्हणाली. "आज नांदेडच्या पट्ट्यात किती आहेत, अंडी कुठे घालतात, कोणत्या डोहात राहतात, हे सांगणारं कोणी नाही. वनखात्याला वाचवायचं असलं तरी कुठला किनारा वाचवायचा?"

संशोधन कशासाठी, याचं उत्तर इथेच आहे. वाघाचे ठसे उमटतात, जंगलात कॅमेरे लावता येतात. हे कासव गढूळ पाण्यात तळाच्या गाळात बसतं. त्याला मोजायचं तर नाव लागते, आमिष लावलेले सापळे लागतात, महिनोन्महिने नदीवर राहावं लागतं. हल्ली नदीचं पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून प्राणी तिथे आहे की नाही हे ओळखायची पद्धत आली आहे, पण तिची तपासणी प्रयोगशाळेत होते आणि ती फुकट होत नाही. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे भोई समाजातल्या, नदीवर जाळं टाकणाऱ्या जुन्या माणसांशी बोलणं. त्यांना जे माहीत आहे ते कुठल्या पुस्तकात नाही. पण त्यांचा दिवस बुडवून त्यांना सोबत न्यायचं तर त्यांची मजुरी द्यायला हवी. फुकट माहिती घेऊन आपलं नाव छापायचं, हे काही बरोबर नाही.

दर्ग्याच्या तलावातलं कासव

नुसतं संशोधन करून काय फरक पडतो, असं त्या वालिदांनी विचारलं होतं. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर आम्हाला बांगलादेशात मिळालं, तेही एका दर्ग्यात.

चितगावला हजरत बायजीद बोस्तामी यांच्या नावाचा दर्गा आहे. त्यांची कबर इराणमधल्या बिस्ताम गावी आहे, चितगावला त्यांच्या नावाचं स्थान आहे. दर्ग्यासमोर मोठा तलाव आणि तलावात शेकडो काळी, मऊ पाठीची कासवं. लोक त्यांना 'मजारी' म्हणतात. कथा अशी सांगतात की बुजुर्गांनी त्रास देणाऱ्या जिन्नांना कासव करून टाकलं. कथेचं काय ते ज्याने त्याने ठरवावं. पण त्या श्रद्धेमुळे पिढ्यानपिढ्या कोणी त्या कासवांना हात लावला नाही, येणारे जाणारे पाव, केळी, मांसाचे तुकडे खाऊ घालत राहिले. हे कासव आपल्या गोदावरीतल्या कासवाचं सख्खं भावंड आहे, निल्सोनिया याच कुळातलं. १८७५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली ती याच तलावातल्या कासवांवरून.

बाहेर नद्यांमध्ये मात्र ते कोणाला दिसेना. २००२ मध्ये लाल यादीत त्याच्यापुढे 'जंगलातून नामशेष' असा शेरा पडला. म्हणजे जगात फक्त दर्ग्याच्या तलावात उरलं, असं मानलं गेलं.

मग काही शास्त्रज्ञांनी आसाममधल्या आणि बांगलादेशातल्या जमुना नदीकडच्या कासवांचे नमुने घेऊन डीएनए तपासला. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला: हे कासव नदीत अजून जिवंत आहे. लोक त्याला दुसऱ्याच जातीचं समजत होते इतकंच. आसाममध्ये मंदिरांच्या तलावांतही ते निघालं. हाजो गावात हयग्रीव माधव मंदिराच्या तलावात ते आहे, आणि त्याच हाजोत 'पोवा मक्का' म्हणून मुसलमानांचं मोठं जियारतीचं ठिकाण आहे. मंदिराच्या तलावातली अंडी गोळा करून, उबवून, त्यातली पिल्लं २०१९ मध्ये पोबितोरा अभयारण्यातल्या पाण्यात सोडली गेली. आज लाल यादीत हे कासव 'अतिसंकटग्रस्त' आहे. म्हणजे मेलेलं म्हणून सोडून दिलेलं नाव परत जिवंतांच्या यादीत आलं. श्रद्धेने कासव जपलं, पण ते बाहेरही आहे हे श्रद्धेने कळलं नसतं. त्यासाठी कोणीतरी प्रयोगशाळेचं बिल भरलं.

उलट्या बाजूचंही उदाहरण आहे. गंगा कृती योजनेत वाराणसीजवळ सारनाथला कासवांचं केंद्र उभारलं, मांसाहारी कासवं वाढवली आणि अर्धवट जळालेली प्रेतं खाऊन ती नदी स्वच्छ करतील म्हणून हजारोंनी गंगेत सोडली. कासवांसाठी वाराणसीत अभयारण्यही जाहीर झालं. सोडलेल्या कासवांचं पुढे काय झालं, किती जगली, याकडे मात्र तेवढं लक्ष दिलं गेलं नाही, आणि २०२० मध्ये त्या अभयारण्याचा दर्जाही काढून घेतला गेला. आमचं मत विचाराल तर पैसा कमी नव्हता, चौकशी कमी होती.

आता पैशाचं

तर पैसे लावतं कोण? आम्हाला वाटलं होतं, सरकार नाहीतर कोणी नाही. तसं नाही.

एक नाव ऐकून तर वालिद खुर्चीत सरळ बसले. अबू धाबीमध्ये 'मोहम्मद बिन झायेद स्पीशीज कॉन्झर्वेशन फंड' आहे. संयुक्त अरब अमिरातीचे आजचे राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद यांनी युवराज असताना अडीच कोटी युरोंचा निधी बाजूला ठेवून तो सुरू केला. मूळ निधीला हात न लावता त्याच्या उत्पन्नातून मदत द्यायची, म्हणजे आपल्याला वक्फ जसा ठाऊक आहे तसाच हिशेब. २००९ पासून जगभरातल्या अडीच हजारांहून जास्त प्रकल्पांना त्यांनी छोटी-छोटी अनुदानं दिली आहेत. एका प्रकल्पाला जास्तीत जास्त २५,००० डॉलर, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. वाघ-हत्तीच पाहिजेत असं नाही. बेडूक, झाडं, बुरशी, कासवं, ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्यासाठीच प्रामुख्याने हा फंड आहे. अर्ज इंटरनेटवर भरायचा. देश, धर्म, जात विचारत नाहीत. प्राण्याचं नाव, लाल यादीतला दर्जा, काम काय करणार आणि खर्च किती, एवढं विचारतात.

दुसरं, इंग्लंडमधलं रफर्ड फाउंडेशन. विकसनशील देशांतल्या, नुकतंच काम सुरू करणाऱ्या तरुणांना ते पहिलं अनुदान देतं. रक्कम काही हजार पौंड. काम नीट केलं, अहवाल दिला, की पुढच्या टप्प्याचं अनुदान मागता येतं. भारतातल्या कितीतरी वन्यजीव अभ्यासकांची सुरुवात याच पैशावर झाली आहे. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेची 'एज' फेलोशिप आहे, ती खास करून उत्क्रांतीत वेगळ्या वाटेने गेलेल्या आणि दुर्लक्षित प्राण्यांसाठी. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या चंद्रगिरी नदीत राहणाऱ्या महाकाय मऊ कासवावर एका भारतीय तरुणीने तिच्या मदतीने काम केलं. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांनाच सोबत घेतलं. जाळ्यात कासव आलं की ते कळवायचे, पाण्याखाली गेलेल्या घरट्यांतली अंडी लोकांनी वाचवली, पिल्लं नदीत सोडली. २०२४ मध्ये हा अभ्यास 'ओरिक्स' या नावाजलेल्या नियतकालिकात आला. त्या मुलीकडे सुरुवातीला काय होतं? एक प्रश्न आणि चिकाटी. कासवांसाठीच असलेलं 'टर्टल सर्व्हायव्हल अलायन्स'सारखं जाळंही आहे, भारतात त्यांचं काम बऱ्याच वर्षांपासून चालतं.

ही अनुदानं कामाची असतात, संसाराची नाहीत. नावेचं भाडं, सापळे, तपासणी, मदतनिसाची मजुरी यासाठी ती आहेत. पोट चालवायचं तर फेलोशिप हवी. त्यासाठी सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा जीवशास्त्रात द्यायची आणि जेआरएफ मिळवायची. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, पुढे ४२,०००. आमच्या शाळेतल्या कित्येक शिक्षकांना सुरुवातीला एवढा पगार नव्हता, हे आम्ही वालिदांना मुद्दाम सांगितलं.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मिळायची. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की २०२२-२३ पासून ती बंद केली आहे, दुसऱ्या योजनांशी ती जुळते म्हणून. ज्या घरांत पहिल्यांदाच कोणी पीएच.डी.ला जातंय त्यांच्यासाठी हा फटका लहान नव्हता. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संस्था स्थापन करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तिच्याकडून संशोधनाच्या फेलोशिप नियमित मिळाव्यात, यासाठी समाजातल्या संघटनांनी पाठपुरावा केला पाहिजे. मोर्चे आपण काढतोच, एखादं निवेदन याचंही द्या.

कंपन्यांचा पैसाही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, त्यात पर्यावरण आणि वन्यजीव येतात. पण अनुभवी लोक सांगतात की कंपनीला फोटो हवा असतो. झाड लावण्याचा फोटो निघतो. गढूळ पाण्यातलं कासव फोटोत येत नाही.

जकातीबद्दल एकाने विचारलं म्हणून लिहितो. जकातीचे आठ हकदार ठरलेले आहेत, त्यात कासव बसवायचा खटाटोप आम्ही करणार नाही. पण सदका आहे, आणि गरीब मुलीच्या तालीमचा खर्च उचलणं आहेच. तिने अभ्यास कशाचा करावा हे देणाऱ्याने ठरवू नये. सविस्तर मसला आपापल्या आलिमांना विचारावा.

पैसे मिळाले म्हणजे उद्या नदीत उतरलो असंही नाही. संरक्षित वन्यप्राण्याला संशोधनासाठी पकडायचं, हाताळायचं, रक्ताचा नमुना घ्यायचा तर वन्यजीव कायद्याच्या कलम १२ खाली परवानगी लागते, ती राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यासाठी विद्यापीठाचं किंवा एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचं नाव पाठीशी हवं. कागद फिरायला महिने लागतात. त्यामुळे अर्जात पहिले काही महिने फक्त मुलाखती आणि किनाऱ्याची पाहणी ठेवावी, हा सल्ला आमच्या विद्यार्थिनीला एका वरिष्ठ संशोधकाने दिला. शहाणा सल्ला आहे.

सलीम अलींची गोष्ट

"आपल्यातलं कोणी केलंय का असलं काही?" हा वालिदांचा शेवटचा प्रश्न. डॉ. सलीम अली हे नाव त्यांनी ऐकलं होतं, पण ते कोण हे माहीत नव्हतं. त्यांना काय दोष द्यायचा, आमच्या वर्गात तरी आम्ही किती वेळा सांगितलं?

१८९६ मध्ये मुंबईत जन्मलेलं हे यतीम मूल मामांच्या घरी वाढलं. पुढे ते मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात निसर्गविभागात लोकांना माहिती सांगायच्या नोकरीला लागले. शिकायला जर्मनीला जाऊन आले, तोवर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झाली होती. १९३० साल. नोकरी नाही, तर अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा जो अभ्यास केला त्याने जगात नाव झालं. मग त्यांनी संस्थानांना एक प्रस्ताव दिला: पगार नको, फक्त प्रवासाचा आणि तंबूचा खर्च द्या, तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९३१-३२ मध्ये तो खर्च दिला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. म्हणजे नांदेड-औरंगाबादच्या मुलखातही संशोधनावर पैसा लागला होता, तोही चिमण्या-पाखरांवर. पुढे १९७६ मध्ये त्यांना जे. पॉल गेटी पुरस्कार मिळाला तेव्हा त्या रकमेतून त्यांनी निसर्ग संवर्धनासाठी निधी उभा केला. आयुष्यभर ज्या संस्थेत राबले ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आजही मुंबईत आहे, आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी तिथे एकदा जाऊन यावं.

जाता जाता घरांसाठी दोन शब्द. बरकतीसाठी म्हणून बाजारातून कासव आणून टाकीत ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही शिरली आहे. देशी जातीचं कासव पाळणं हा गुन्हा आहे, दुकानदार काहीही म्हणो. कानाजवळ लाल पट्टा असलेलं छोटं हिरवं कासव मिळतं ते अमेरिकेतलं. मोठं झालं की लोक कंटाळून ते तलावात सोडतात, आणि ते आपल्या कासवांचं अन्न आणि जागा खातं. ते सोडू नका, आणि मुळात आणूही नका. जाळ्यात किंवा शेतात मऊ पाठीचं कासव सापडलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि हात जपून, हे कासव मान लांब करून जोरात चावतं.

आमच्या विद्यार्थिनीचा अर्ज आता तयार होतोय. नेटचा अभ्यास सोबत चालू आहे, बीएडचा फॉर्मही वालिदांच्या समाधानासाठी भरला आहे. मागच्या जुम्याला नमाजनंतर ते पुन्हा भेटले. खिशातून घडी केलेला कागद काढला, मुलीने लिहिलेला खर्चाचा तक्ता. नाव, इंधन, सापळे, मदतनिसांची मजुरी, अशा ओळी. एका ओळीवर त्यांनी पेनाने रेघ मारली होती.

"नावेच्या इंजिनाच्या दुरुस्तीचे पैसे कशाला लावले तिने?" ते म्हणाले. "ते मी बघतो ना."